नंबरवाल्यांची पहिली बाटली

माणसाचं नाव विसरतील, पण त्याच्या चष्म्याचा नंबर विसरणार नाहीत, म्हणून अख्खी गल्ली त्यांना नंबरवाले म्हणायची. चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान एकहाती चालवलेला हा माणूस. फ्रेम आधी स्वतःच्या नाकावर चढवून बघायची, टोचली तर विकायची नाही, असा त्यांचा खाक्या. त्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, पण खाक्या काही बदलला नाही. अशी माणसं आता दिवा घेऊन शोधावी लागतात.

एकाच बाबतीत त्यांनी न तपासता निकाल दिला होता. बारा वर्षांपूर्वी धाकट्या भावाला बढती मिळाली. तो मित्रांना घेऊन हौसेनं दादांकडे आला आणि व्हिस्कीची बाटली टेबलावर ठेवली. आयुष्यात थेंबाला न शिवलेल्या दादांनी ती चारचौघांदेखत बेसिनमध्ये रिकामी केली. धाकटा तसाच उठला, तो पुन्हा उंबरठा चढला नाही.

आणि परवा त्याचा फोन आला. "रविवारी त्या बाजूला काम आहे. जेवायला येऊ? चारला निघेन."

ही संधी गेली तर भाऊ कायमचा गेला, हे नंबरवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. शनिवारी सकाळी ते जन्मात पहिल्यांदा दारूच्या दुकानात शिरले.

"काय देऊ काका?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"व्हिस्की. भावासाठी."

"त्यांना कशी आवडते? धुरकट की गोडसर?"

सख्ख्या भावाची आवड परक्या बाईला सांगता येत नाही, या विचारानं नंबरवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी खोक्यातली महागडी बाटली पुढे केली. "ही न्या डोळे मिटून."

"डोळे मिटून मी कुणाला काही देत नाही हो. चाखायला मिळेल का?"

चाखण्यासाठी उघडलेल्या बाटल्या होत्याच. एका वेळी दोनच ओता, असं त्यांनी बाईंना बजावलं. भिंग बदलत "ह्यात बरं दिसतं की ह्यात?" विचारायची त्यांची सवय, इथंही तीच चालली. पहिल्याच घोटाला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी आधी वास घ्यायला शिकवलं, दोन थेंब पाणी घालायला शिकवलं. महागडीला दवाखान्याचा वास येतो म्हणून ती बाद झाली. चार चाखून झाल्यावर त्यांनी मधल्या किमतीच्या एका बाटलीवर बोट ठेवलं.

घरी आल्यावर मात्र सवय नडली. किमतीची चिकटपट्टी काढल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा देत नसत. काचा पुसायचं स्पिरिट घेऊन ते बसले आणि चिकटपट्टीबरोबर अख्खं लेबल खरवडून मोकळे झाले.

"अहो, हे काय केलंत?" बायकोनं कपाळाला हात लावला. "आता ही खोकल्याच्या औषधाची बाटली वाटतेय!"

रविवारी दुपारी धाकटा आला आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. दादांनी ती उघडी बोडकी बाटली समोर ठेवली.

"काय आहे हे?"

"व्हिस्की."

"कुठली?"

"नाव माझ्या हातून गेलं बाबा. पण आधी मध लागतो, मग भाजलेला बदाम. घशाला चटका बसतो, दोन थेंब पाणी घातलंस की कमी होतो."

धाकटा बघतच राहिला. "तुला काय माहीत?"

"चार चाखल्या काल. तीन तुला द्याव्याशा वाटल्या नाहीत."

"तू? तू प्यायलास?"

"मग काय करणार? तुला काय आवडतं तेच मला माहीत नव्हतं." दादांनी बाटली त्याच्याकडे सरकवली. "त्या दिवशी तुझ्या आनंदाच्या वेळी सगळ्यांसमोर तुला खाली बघायला लावलं. चुकलं माझं."

स्वयंपाकघराच्या दारात वहिनी हातातला डाव घेऊन तशीच उभी राहिली. धाकट्यानं बाटली उघडली, स्वतःच्या ग्लासात ओतली, दादांच्या ग्लासात बोटभर ओतली आणि एक घोट घेतला. मग त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि उठून वहिनीच्या हातात दिली.

"वहिनी, ही ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला. "उद्या सकाळी दे."