पुढच्या खोलीतलं इंग्रजी

नल्लकुंट्यातल्या आमच्या घराला दोनच खोल्या, आणि बाहेर पडायचं दार पुढच्या खोलीत. नातीला एका कंपनीत फोनवर बोलायचं काम लागणार होतं. आधी महिनाभर घरूनच शिकवणी, मग परीक्षा. उच्चार जमले नाहीत तर नोकरी नाही. ती दिवसभर पुढच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायची. कॅमेरा चालू, म्हणून मी आत. कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, खोकला आला की तोंड उशीत. मुलगा आणि सून कामावर. दुपारी जिन्यात बसलेल्या बायकांचं हसणं खिडकीतून ऐकू यायचं आणि आपल्याला तिथं जाता येत नाही याची मला चीड यायची.

एक दिवस नात रडवेली होऊन आत आली. "शिकवणारी मॅडम म्हणते, मी प्रार्थना म्हटल्यासारखं बोलते."

"मग त्यात वाईट काय?"

"आज्जी, नक्को ना!"

मॅडमचं खरंच होतं. आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना होते. लहानपणापासून हीच पुढे म्हणते, आम्ही मागून. वंदनेत कुठलंही अक्षर गिळायचं नाही, सगळ्यांना सारखं वजन. तीच चाल तिच्या इंग्रजीला लागली होती. इंग्रजीत म्हणे लांब शब्दाचे तुकडे पाडायचे, एकावर जोर द्यायचा आणि बाकीचे उरकून टाकायचे.

मी चौथी शिकलेली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. तिनं मला समोर बसवलं. "तू टाळ्या वाजव. मी सांगते तिथंच जोरात."

व्हे-रि-फि-के-शन. 'के'वर मी हाणली.

"हळू, आज्जी! डास मारतेस का?"

"एखादा मेला तर तेवढंच काम होईल."

"हौ, आणि माझी नोकरी?"

मग मी चेष्टा सोडून, हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. रिस्पॉन्सिबिलिटी तर आठवडाभर चालली. माझ्या डोक्यात एवढंच, की ही पास झाली की ऑफिसात जाईल आणि दार मोकळं होईल.

पास झाली. नाचतच आत आली. "आज्जी, पक्कं झालं! आणि कायमचं घरूनच काम!"

"ऑफिस नाही?"

"जायचीच गरज नाही."

मी तिच्या हातावर साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिची शिफ्ट सुरू व्हायच्या आत स्वयंपाक उरकला, पाण्याचा तांब्या घेतला आणि आत जाऊन बसले. मधलं दार तिनं लावून घेतलं.