नानांच्या परसातला एरंड

नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी पपईच्या बागेत होतो. सारंगखेड्यात माझी बाग त्यांच्या परसाला खेटूनच आहे. आदल्या संध्याकाळी कुंपणाशी उभे राहून ते म्हणाले होते, पानं पिवळट दिसताहेत, उद्या येऊन बघतो... पहाटेच त्यांचं हृदय थांबलं.

नाना शेतकी कॉलेजात शिकवायचे. निवृत्तीनंतर ते कोळी किडीच्या मागे लागले. पानाच्या पोटाला बारीक जाळं विणून रस शोषणारा, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा हा जीव. धडगावच्या घाटात भरली जीप थांबवून ते घाणेरीची पानं तोडायचे. आधी वैतागणारी माणसंच पुढे त्यांना पानं आणून द्यायला लागली. डोंगरात झाडागणिक वेगळा कोळी, आणि त्याला खाणाराही तिथंच, असं ते सांगत. आपल्याकडं मात्र नजर पोहोचेल तिथवर पपई, अन् एकच जात... याची त्यांना धास्ती होती. त्यांच्यामुळं मलाही लागली. भित्रा म्हणाल तर म्हणा, आमचं वर्षाचं पोट या बागेवर आहे.

परसात त्यांनी एरंड, भेंडी, गाजरगवत मुद्दाम वाढू दिलं होतं, कोण कशावर राहतो ते बघायला. त्यांची बायको, आमची नानी, त्याला जंगल म्हणून चिडवायची. मला मात्र नानांनी त्यावरच्या कोळ्यांबद्दल बजावलं होतं, "हाई उपटू नको, भाऊ. यास्नं घर मोडं, ते त्या तुन्ही पपईवर येतीन."

दशक्रियेला मंडप घालायचा म्हणून भाऊबंदांनी परस साफ केलं. मी पाहुणे आणायला नंदुरबारला गेलो होतो. परतलो तर सगळा एरंड माझ्या कुंपणाशी ढिगानं सुकत पडलेला, वारा बागेकडं. पण दुःखाच्या घरात किडीचं कोण काढणार? पाहुण्यांचं सामान उतरवायला लागलो.

पुढं नानीनं त्यांचा पांढरा रुमाल मला दिला. पानाखाली तो धरून नाना पान झटकायचे आणि सगळ्यांना श्वास रोखायला लावायचे. म्हणायचे, "धूळ जागावर ऱ्हास. जीव चालस." म्हणजे जागेवर राहील तो ठिपका धूळ, चालेल तो कोळी. रुमाल बरेच दिवस खुंटीलाच होता. खरं सांगतो, हात लावायची भीती वाटायची.

काल धीर केला. पान झटकलं, श्वास रोखला. तांबूस ठिपके पडले... त्यातला एक चालायला लागला.

"नाना, बघा," म्हणत मी कुंपणाकडं वळलो. पलीकडं झाडलेलं, मोकळं परस होतं.