कोंडीत संपणारं बोलणं

पडदेवालीचा नवरा हल्ली घरी यायचा तो रिकामा होऊन. दमून आला असता तर तिने समजून घेतलं असतं. पण हा दमलेला नसायचा, संपलेला असायचा.

एरवी त्या माणसाची ख्याती म्हणजे बोलणं. धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. दिवसभर उंच इमारतींत माणसं वरखाली होताना बघायची आणि संध्याकाळी घरी येऊन एकेकाची नक्कल करायची. बूट काढता काढता एक साहेब, हात धुता धुता दुसरा. ती मशीनवर पडदे शिवत ऐकायची. सिनेमा बघायला म्हणून ते दोघं फारसे बाहेर पडलेच नाहीत, गरजच पडली नाही.

मग शहर वाढलं. त्यावर तिची तक्रार नव्हती. इमारती वाढल्या की खिडक्या वाढतात आणि खिडक्यांना पडदे लागतातच. पण प्रत्येक नव्या खिडकीमागे कुणीतरी राहायला आलं, त्याने गाडी घेतली, आणि ती नेमकी तिच्या नवऱ्याच्या पुढ्यात आणून उभी केली. अर्ध्या तासाचा रस्ता दोन तास खायला लागला. त्यावर हिनेच मोठ्या हौसेने तोड काढली होती. "तिसऱ्या मजल्यावरच्या अकाउंटंटबाई तुमच्याच बाजूला कामाला जातात. घ्या सोबत. पेट्रोल अर्धं अर्धं."

स्वतःच्या हाताने पायावर धोंडा.

"काय झालं आज?" ती विचारायची.

"काही नाही. नेहमीचंच."

आणि रिमोट हातात.

नेहमीचं काय काय झालं ते तिला शेवटी लिफ्टमध्ये कळलं, तिसऱ्या मजल्याकडून.

"वहिनी, तुमचे मामा म्हणजे कमाल हं. भलत्याच्याच लग्नात जेवून, फोटो काढून आले म्हणे?"

मामा हिचे. किस्सा हिच्या माहेरचा. आणि हसतेय कोण, तर तिसरा मजला.

"दादांनी काय सांगितला, पोट दुखलं माझं," बाई म्हणाल्या. "बरं, त्यांच्या गुडघ्याचं काय ठरलं? डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत तर टाळू नका."

"बघू," पडदेवाली म्हणाली, सगळं ठाऊक असल्यासारखं. घरी येऊन तिने एका अख्ख्या पडद्याला उलट्या बाजूने पट्टी मारली. दादा म्हणते. दादा म्हटलं म्हणून काय झालं, हसायचं तेवढं हसतेच ना? आणि गुडघा? नवऱ्याचा गुडघा आपल्याला शेजारणीकडून कळावा?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पर्स घेऊन तयार.

"मी पण येते. पडद्याच्या रिंगा आणायच्यात."

"अगं, रिंगा कोपऱ्यावर मिळतात."

"कोपऱ्यावरच्या गंजतात."

पुढच्या सीटवर ती बसली आणि गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"ही एवढी पुढे कुणी ओढली?"

"त्यांची उंची जरा कमी आहे," नवरा म्हणाला.

तिने खालचा दांडा खेचून सीट जोरात मागे ढकलली.

"वहिनी, पाय," मागून आवाज आला.

"लागलं का?" तिने विचारलं. माफी मात्र मागितली नाही.

मोठ्या रस्त्याला लागताच गाडी थांबली. पुढे गाड्या, मागे गाड्या, बाजूला बस. मागच्या बाईंनी ओढणीची घडी करून मानेखाली घेतली.

"आज तुमची पाळी हं वहिनी. मी झोपते."

"कसली पाळी?"

"दादांना बोलतं ठेवायची. गाडी उभी राहिली की यांचे डोळे मिटतात. एकदा पुढच्या टेम्पोला जाऊन टेकलो आम्ही. तेव्हापासून मी किस्से मागते. काही तर दोनदा ऐकलेत, पण जीव प्यारा आहे." आणि खरोखरच झोपल्या.

हे तर आणखी लागलं. या बाईला सगळं आयतं मिळतंय, आणि ती त्याला ड्युटी समजतेय.

"गुडघ्याचं मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुझ्या तोंडात टाचण्या होत्या. तू 'हं' म्हणालीस."

"टाचण्या काढल्यावर पुन्हा सांगायचं."

"त्या निघतात कधी? मामांचा किस्सा नव्याने सांगायला गेलो, तेव्हाही 'हं'. मला वाटलं, कंटाळलीस."

बाहेर नव्या इमारतीच्या उघड्या खिडक्यांची रांग होती. एरवी तिने बसल्या जागेवरून मापं घेतली असती.

"ऑपरेशन कधी?"

"डॉक्टरांना तारीख कळवायचीय. येशील ना सोबत?"

"नाहीतर काय, तिसऱ्या मजल्याला पाठवू?"

तो हसला. मागून घोरण्याचा आवाज आला.

दिवस तिने बाजारात काढला, आणि संध्याकाळी परततानाही पुढची सीट तिचीच. कोंडीत त्याने तिने न ऐकलेला किस्सा काढला. एका साहेबाने कारकुनाला कामावरून काढलं, आणि लगेच दोघं एकाच लिफ्टमध्ये अडकले. हा वर मोटरच्या खोलीत, खालून दोघांचं भांडण ऐकू येतंय. आणि नेमका तेवढ्यात रस्ता मोकळा झाला. मोकळ्या रस्त्यावर तो गप्प गाडी चालवतो. एकही सिग्नल लाल मिळेना. तिने प्रत्येक हिरव्या दिव्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पार्किंगमध्ये बाई उतरल्या, पिशवी खांद्याला लावून खिडकीपाशी वाकल्या. "मला माहितीये पुढचं. सांगू?"

"नको."

"वर जाताना सांगते की, लिफ्टमध्ये."

"तुम्ही व्हा पुढे, ताई. आम्ही मागून येतो." तिने काच वर केली. "हं, बोला. दार उघडलं, मग?"

"मग काय, दोघं खाली बसलेले. साहेबाने टाय काढलेला, कारकून त्याच्या डोक्यावर फाईलने वारा घालतोय. साहेब मला म्हणतो, याला परत घेतलाय, पण पगार वाढवून मागतोय, तू जरा दार लाव."

ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "त्यांना पण असंच सांगितलंत?"

"किस्सा हाच. साहेबाचा आवाज नाही काढला."

"का?"

"गाडी चालवताना नाही जमत."

तिने हात लांब करून गाडीची किल्ली काढून घेतली.

"आता काढा."