दत्तानं नेलेला रोटर

१९६२ च्या सप्टेंबरअखेर मी आणि लान्स नायक दत्ताराम शिंदे रजेवर तंजावूरला उतरलो. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. दत्ता ड्रायव्हर, साताऱ्याकडचा. उत्तरेतल्या एका छावणीत चार वर्षं आम्ही एकाच शेडमध्ये घाम गाळला होता. त्याला मागंपुढं कोणी नव्हतं. दरवर्षीची रजा तो बराकीत झोपून काढायचा. त्या वर्षी मी म्हटलं, "चल आमच्याकडे."

"मद्राशात मराठी बोलायला कोण हाय, उस्ताद?"

"माझं खानदान आठ पिढ्या बोलतंय."

"तुमचं बोलणं ऐकतोय की रोज. हसू येतंय," तो म्हणाला, पण ट्रंक भरली.

आमच्या घरात मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. मला देवनागरी येत नव्हती. दत्तानं ती मला जॉबकार्डांच्या पाठीवर शिकवली, चुकलं की कान पिळून. बदल्यात मी त्याला तमिळ अक्षरं शिकवायची, असा करार होता. त्यानं आठवण केली की माझं उत्तर ठरलेलं असे: "पुढच्या आठवड्यात."

तंजावुरात माझे काका एकटे राहत. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. काकांची दुसऱ्या महायुद्धापूर्वीची चार सिलिंडरची इंग्रजी गाडी होती. पापनाशमजवळच्या भातशेतीवर ते तीच घेऊन जात. काकू गेल्या त्याच महिन्यात ती बंद पडली. गावातल्या तीन मेकॅनिकांनी इंजिन गेलं म्हणून हात टेकले होते. मी काही म्हणायच्या आत दत्तानं बॉनेट उघडलं, प्लगची वायर इंजिनजवळ धरली आणि मला हँडल मारायला सांगितलं.

"इंजिन ठणठणीत हाय. ठिणगीच न्हाई."

दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये, ठिणगी वाटणाऱ्या डब्यात, होता. पॉइंट्स जळून खडबडीत झाले होते, कंडेन्सर निकामी, आणि कॅपमधला कार्बन घाणीनं अडकून बसलेला. पॉइंट्स मी बारीक कानशीनं घासले, गॅप पंधरा थाउ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश, ठेवला. कंडेन्सर त्रिचीहून आणवला. रोटर दत्तानं स्वतः पुसला. रोटर म्हणजे कॅपखाली फिरणारा अंगठ्याएवढा तुकडा. तोच प्रत्येक प्लगला आळीपाळीनं करंट वाटतो. तो नसेल तर गाडी म्हणजे नुसतं लोखंड.

तिसऱ्या हँडलला इंजिन लागलं. काका तिण्णैवर, म्हणजे बाहेरच्या ओट्यावर, बसले होते. ते उठले, आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

त्यानंतर रोज सकाळी सातला तिघं शेतावर. दत्ता चालवायचा, काका बोलायचे. काकू गेल्यापासून मराठी त्यांना स्वतःशीच बोलावी लागत होती. आता दोन वर्षांचं साठलेलं सगळं दत्ताच्या कानावर पडत होतं. मी मागच्या सीटवर गाठोड्यासारखा. पुतण्या कोण, हा प्रश्न मला पडायचा.

एक दिवस जेवताना काका त्याला म्हणाले, "दत्तू, नोकरी सरल्यावर कोठें जाशील? येथेंच ये. माडीवरची खोली तुझी. वण्डी पण तुझी." गाडीला ते वण्डीच म्हणत.

दत्तानं मान वर केली नाही. भात कालवत राहिला. पण रात्री अंथरुणावर त्यानं मला दोनदा विचारलं, "काका मनापासनं म्हनालं का, उस्ताद?" त्याला आयुष्यात पहिल्यांदा परतायला घर मिळालं होतं.

ऑक्टोबरात तार आली. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दत्तानं आम्हाला स्टेशनात आणलं. काकांना गाडी चालवत परत जायचं होतं. पाच मिनिटांत ट्रेन लागली, काकांच्या पाया पडलो, चढलो. पापनाशम मागं टाकल्यावर दत्तानं विडीसाठी खिशात हात घातला आणि तसाच थिजला. हात बाहेर आला तो रोटर घेऊन.

आमच्याकडे नियमच होता. गाडी उभी केली की ड्रायव्हरनं रोटर काढून खिशात ठेवायचा, म्हणजे दुसरं कोणी गाडी पळवणार नाही. इतक्या वर्षांची सवय. त्याच्या हातांनी ते परस्पर केलं होतं.

मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "काका टेशनात अडकलं की ओ!"

काकांनी बैलजोडी लावून गाडी घरी ओढून नेली. छावणीत पोचल्यावर त्यांचं कार्ड आलं, तमिळ अक्षरांत. मी वाचून दाखवलं. पहिल्या चार ओळी शिव्या, मग विचारलं होतं की त्रिचीहून नवा रोटर आणू की कसें?

"डाकेनं पाठवून दे ना," मी म्हटलं.

"न्हाई. लिहा, नवा घिऊ नका. मी यिऊन हातानं बसवीन."

मी तसं लिहिलं. आठवड्यात आम्ही सीमेकडे निघालो.

नोव्हेंबरात आमचं वर्कशॉप एका घाटाच्या पायथ्याशी होतं. वरच्या ठाण्यांवरून जखमी खाली येत होते. एका सकाळी दहाला दत्ता ट्रक घेऊन आला. इंजिन झटके देत होतं. मी कॅप काढली. आत ओल धरली होती. पुसून कोरडी केली, पॉइंट्स साफ केले, गॅप तपासला. वीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्यानं खिशातून एक कार्ड काढलं.

"काकांचं आलंय, उस्ताद. वाचा की."

माझे हात ग्रीसनं भरले होते. वर कॉन्व्हॉय कमांडरची शिट्टी वाजली.

"परत आल्यावर वाचतो. निघ."

"बरं," म्हणाला. कार्ड घडी करून डाव्या खिशात ठेवलं आणि गेला.

दुपारी १५४० ला वायरलेस बोलला. "व्हेइकल थ्री हिट. ड्रायव्हर कॅज्युअल्टी. रिलीफ ड्रायव्हर पाठवा. ओव्हर."

"जखमींची स्थिती? ओव्हर," आमच्या ऑपरेटरनं विचारलं.

"सहा. ऑल सेफ. ओव्हर."

तोफगोळ्याचा तुकडा दत्ताच्या छातीत उजवीकडे घुसला होता. त्यानं ट्रक डोंगराच्या कडेला टेकवला, हँडब्रेक ओढला आणि मग मान टाकली. रिलीफ ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं, तो पोचला तेव्हा इंजिन चालूच होतं, एका लयीत. मी आयुष्यात शेकडो डिस्ट्रिब्युटर दुरुस्त केले. त्या एकाचा अभिमान वाटतो, आणि तो दुरुस्त झाला नसता तर दत्ता वर गेलाच नसता, हेही सुटत नाही.

पेबुकात, म्हणजे शिपायाच्या पगाराच्या वहीत, वारसाच्या जागी त्यानं माझं नाव लिहिलं होतं. सामान माझ्याकडे आलं. कार्डात गुंडाळलेला रोटर त्यातच होता. कार्ड मी उघडलं नाही. धीर झाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रजा मिळाली. काकांना पत्रानं कळवलं होतंच. ते तिण्णैवर बसले होते.

"एकलाच आलास," ते म्हणाले. थोड्या वेळानं विचारलं, "माझें शेवटचें कार्ड त्याला पोचलें की?"

खोटं बोलणं सोपं होतं. "पोचलं, काका. पण त्याला तमिळ अक्षरं येत नव्हती. मला वाचायला सांगितलं, मी नंतर म्हटलं."

काकांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग उठले. "चल. वण्डीपाशी वाच."

शेडमध्ये गाडी होती तशीच होती, धुळीनं पांढरी. काका ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसले, रोजच्यासारखे. मी बॉनेट उघडलं, रोटर जागेवर बसवला, कॅप लावली. मग कार्ड उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, कारण ते त्याच्यासाठी होतं.

"चिरंजीव दत्तूस आशीर्वाद. शिव्या दिल्या, त्या मनावर घेऊं नको. नवें आणणार नाही. माडीवरची खोली झाडून ठेविली आहे. तूं सावकाश ये. वण्डी थांबेल, मी पण थांबेन."

इंजिन लागायला सात हँडल मारावे लागले. काका समोर बघत बसून होते. ड्रायव्हरच्या सीटवर त्यांनी मला बसू दिलं नाही.

लान्स नायक दत्ताराम शिंदे वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. हे सगळं मी त्यानं शिकवलेल्या अक्षरांत लिहितो आहे. त्याला आमची अक्षरं शिकवायला मला एक दुपार पुरली असती.