नवरा कामावर आहे

सुरतेत आल्याच्या पहिल्याच आठवड्यात बायकोने गल्लीत माझं हसं करून ठेवलं. समोरच्या गुजराती शेजारणीने दारातून तिला विचारलं, "नवरा छो?" गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा. सवड आहे का, एवढंच त्या बिचारीला विचारायचं होतं. खानदेशातून नुकती आलेली आमची ही ठसक्यात म्हणाली, "नवरा कामावर आहे!" पुढे तीस वर्षं मी सुरतेतल्याच उधन्यात गणित शिकवलं आणि तीस वर्षं त्या वाक्यावरून लोकांनी मला छळलं.

मग निवृत्त झालो. आता खरोखरचा नवरा!

शाळा खासगी, पेन्शनच्या नावाने पूज्य. फंडाची रक्कम हाती आली तेव्हा शेअरबाजार असा उधळला होता की पानवालासुद्धा सल्ले देत होता. ही म्हणाली, "पोस्टात टाका. दोघांना मरेपर्यंत पुरायचेत." मी खेकसलो, "गणित तू शिकवलंस की मी?" तिला अर्धे सांगून मी पाऊण हिस्सा शेअर्समध्ये घातला. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

बाजार कोसळला. दलाल म्हणायचा, थांबा, चढेल. मी थांबलो. रोज चहाच्या टपरीवर फुकटच्या पेपरात बारीक आकडे वाचायचे आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचं. खोटं बोलण्याचाही शीण येतो हो. शेवटी एका दुपारी हिने भाकरी थापता थापता विचारलं, "कितलं उरनं?" ती चिडली की अहिराणीवर येते. किती उरलं ते मी सांगितलं.

"गणित शिकवता म्हणे!" एवढं बोलून तिने भाकरी उलटली. ती करपली होती, तरी दोघांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने कापडबाजारातून साड्यांचं गाठोडं आणलं. साडीच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे कापायचे, नगावर पैसे. गल्लीतल्या बऱ्याच बायका हे काम करत. पण हिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा धाग्याबरोबर साडीच कापली, तिचे पैसे भरावे लागले. मी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि मांडी घालून बसलो. घड्या घालण्याचं काम तिच्याकडे राहिलं. पाठ मोडून यायची. लाज तर विचारूच नका. कोणी विद्यार्थी दिसला की मी साडी पायाखाली सारायचो.

एके दिवशी तीच शेजारीण दारात आली. आता तीही म्हातारी झालेली. बाहेरच्या उन्हातून तिला आत अंधारच वाटला असणार, फक्त माझं डोकं दिसलं असावं. "केम साहेब, नवरा बेठा छो?"

मी साडी लपवायला गेलो. हिने माझा हात धरला, साडी पुन्हा माझ्या मांडीवर ओढली आणि दाराकडे बघून तीस वर्षांपूर्वीच्याच ठसक्यात म्हणाली, "नवरा कामावर आहे!"

शेजारीण खो खो हसली. मला मात्र धागा दिसेना.