फोटोतून कापलेली आई

"हिनं हात लावला? आखणी झालेल्या देवाला?"

कारखान्याचा शेठ माझ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवून विचारत होता. पडद्यावर दीड फुटी गणपती. त्याच्या खांद्यावर एका बाईचा हात. शेजारी तिचं तोंड. नाकावर पांढरी धूळ, आणि फोटो काढतायत म्हणून जरासं हसलेलं.

ती बाई माझी आई. ती तिथेच उभी होती, चार हातांवर.

"मॅडम, हा पुसून टाका. देवाच्या फोटोत वाडीवरची बाई? गिऱ्हाईक काय म्हणंल?"

मला मॅडम. तिला 'हिनं'.

मी बटण दाबलं. कॅमेऱ्यानं विचारलं, नक्की पुसायचा का? यंत्रसुद्धा एकदा विचारतं. मी हो केलं. आईचं हसू गेलं. पडद्यावरून गेलं आणि समोरूनही गेलं.

शेठ एवढ्यावर थांबला नाही. त्यानं पेंटरला हाक मारली.

"खांद्यावर परत गन मार. हात लागलाय."

त्या खांद्यावर डाग नव्हता. ओरखडा नव्हता. पेंटर एकदा मूर्तीकडे बघत राहिला, एकदा शेठकडे, आणि मग त्यानं रंगाची गन चालवली. माझ्या आईचा हात जिथं टेकला होता तेवढीच जागा पुन्हा रंगवली. आईच्या डोळ्यांदेखत. मी कॅमेरा गळ्यात घालून बघत उभी होते.

हमरापूरच्या त्या कारखान्यात माझी आई अठरा वर्षं मूर्ती घासत होती. साच्यातून मूर्ती निघाली की तिच्यावर खड्डे असतात, शिवण असते. ती पॉलिश पेपरनं घासून काढायची, तेव्हा कुठे रंग बसतो. आम्ही कातकरी. पेणच्या बाजूच्या आमच्या वाडीवरून सात-आठ बाया रोज चालत जायच्या. देवाचं पोट, सोंड, पाठ, मांडी, सगळीकडे त्यांचे हात फिरायचे. पण शेवटी आखणी व्हायची, म्हणजे देवाला डोळे काढायचे. डोळे निघाले की या बायांनी शिवायचं नाही. पुढे उचलाउचली शेठच्या घरची माणसं करणार. सगळ्या कारखान्यांत असं नाही. याच्यात होतं. देवाला दिसायला लागलं की पहिल्यांदा आम्ही दिसेनासे व्हायचो.

मी लहान असताना आईसोबत तिथे जाऊन बसायची. आई मूर्ती घासून झाली की खिडकीशी न्यायची आणि तिरकी धरायची. मी एकदा विचारलं, असं का करतेस?

"समोरून उजेड घेतला तर सगळं चांगलंच दिसतंय गो. तिरका घेतला की खड्डा दिसतोय."

पुढे मी रोह्याला एका स्टुडिओत कामाला लागले. सुरुवातीला झाडू मारायची आणि कंपनीच्या गेटपाससाठी काढलेले फोटो कापून पाकिटात घालायची. तिथले मालक, काका, माणूस बरे होते. त्यांनी कॅमेरा हातात दिला, लग्नांना नेलं. नवरीच्या गालावर उजेड कुठून घ्यायचा हे त्यांनी मला शिकवायला घेतलं, तेव्हा मी आपसूक दिवा बाजूला सरकवला. काका म्हणाले, "कुठं शिकलीस?" मी म्हटलं, असंच. आईचं नाव घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. आई मूर्ती घासते हे सांगायची लाज वाटायची. कॅमेरा गळ्यात आला आणि मान जरा ताठ झाली, एवढंच.

काम चांगलं व्हायला लागलं. रोह्यातली माणसं माझं नाव घेऊन बोलवू लागली. मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात काकांनी हे काम माझ्याकडे दिलं. हमरापूरचा कारखाना, मूर्तींचे फोटो, बुकिंगसाठी व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. नाव ऐकलं, तर आईचाच कारखाना. आईला सांगितलं तर ती हरखलीच. लगेच म्हणाली, "पण शेठपुढं मला आई म्हणू नको. तो तुला मॅडम म्हणंल. म्हणू दे."

आणि मी ऐकलं. सकाळभर तिला मावशी म्हणत राहिले.

चूक माझीच. शेठ यायचा होता. मी काळा पडदा बांधून मूर्ती मांडून घेतल्या होत्या. एका मूर्तीवर उजेड सपाट पडत होता. मी कामात होते, डोळा कॅमेऱ्याला. तोंडातून निघून गेलं, "मावशी, जरा तिरका धर." तिची अठरा वर्षांची सवय. आई पुढे झाली आणि दोन्ही हातांनी मूर्ती फिरवली. आखणी झालीय हे तिच्या ध्यानात नाही आलं, माझ्याही नाही. उजेड असा सुरेख बसला की मी लागोपाठ पंधरा-वीस मूर्ती तिच्याकडून फिरवून घेतल्या. प्रत्येकीचा फोटो तिच्या हातांसकट. मूर्ती तिनं धरली की उजेड हलत नव्हता. मला आठवतं, तेवढा वेळ आम्ही दोघी फार खुशीत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच मायलेकी एका कामावर होतो.

मग शेठ आला.

त्यानं पुसायला लावलेला फोटो तेवढा एकच होता ज्यात आईचं तोंड होतं. बाकीच्यांत कडेला नुसते हात, मूर्तीच्या पाटाला धरलेले. "ती बोटं कापा," तो म्हणाला. मी म्हटलं, "हो शेठ." रोह्याला जाऊन कापली. एकही बोट राहू दिलं नाही. माझं काम साफ असतं.

त्या दिवशी आई मला वडखळपर्यंत सोडायला आली. रोह्याची एसटी येईपर्यंत उभी होती. म्हणाली, "बरं केलंस गप ऱ्हायलीस." एवढंच. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. ते 'बरं केलंस' अजून उतरत नाही.

थंडीत आई गेली. दम लागायचा, खोकला कधीचाच होता. डॉक्टर म्हणाला, धुळीत काम करतात काय? करत होती. आता नाही.

दिवसकार्याला हार घालायला फोटो हवा होता. मामानं मला विचारलं, सगळ्यांसमोर.

"तू फोटोवाली ना गो? आयशीचा एक फोटो नाय तुज्याकडं?"

नव्हता. लोकांच्या आज्या, लोकांचे जावई, लोकांचे कुत्रे, सगळ्यांचे फोटो मी काढलेत. आईचा नाही. मी कॅमेरा उचलला की ती पळायची, "माझा कशाला, बॅटरी संपंल तुजी," म्हणायची, आणि मला ते बरंच वाटायचं. हेच खरं आहे. त्या दिवशी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात ती घाबरलेली आहे. माझी आई तशी नव्हती.

मी रोह्याला धावत गेले. पुसलेला फोटो परत मिळतो असं म्हणतात. कॅमेऱ्याच्या त्या कार्डावर नंतर तीन लग्नं चढली होती. काही मिळालं नाही. पण संगणकात न कापलेले फोटो होते. पंधरा-वीस. गणपती मधोमध, आणि कडेला आईचे हात. नखांत पांढरं भरलेलं. अंगठ्याचं पेर घासून गुळगुळीत झालेलं. तिरक्या उजेडात एकेक रेघ दिसत होती. स्टुडिओ बंद करून मी जमिनीवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

यंदा शेठचा फोन आला. "मॅडम, गेल्या वर्षीसारखे झ्याक फोटो पायजेत." मी गेले. कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

"गेल्या वर्षी ज्या बाईचा फोटो पुसायला लावलात, ती माझी आई."

"कोण बाई?"

त्याला आठवतही नव्हतं. मी खांद्याचं सांगितलं. गन मारल्याचं सांगितलं. मग त्याचा चेहरा बदलला. माझ्याकडे पायांपासून वर बघत गेला.

"म्हणजे तुम्ही वाडीवरच्या? बोलला नाय कधी."

"आता बोलते. मूर्ती ज्यांनी घासली त्या बाया फोटोत असतील, नावासकट. नसतील तर मी फोटो काढणार नाही."

"दुसरा फोटोवाला मिळंल आमाला," शेठ म्हणाला. मिळाला असणारच.

मागे बाया घासत होत्या. आईच्या बरोबरीची सुगंधामावशी पुटपुटली, "आमचा फोटो नको काढू गो. काम जायल." मी तिला दोष देत नाही. मीही कामासाठीच बटण दाबलं होतं.

मी काही जिंकून आले नाही. रोह्यात दोन घरांनी बोलवायचं बंद केलं. मी आडनाव सांगायला लागले ना आधीच, देवघरात शिरायच्या अगोदर. सुट्टीच्या दिवशी मी वाडीवर जाते. म्हाताऱ्या माणसांना दारात बसवते, बाजूनं उजेड घेते, नाव विचारते. मोठा फोटो करून त्यांच्या हातात देते, जिवंतपणी.

घरी आईचा आधार कार्डावरचा फोटो मी उतरवला. तिथे ते हात लावलेत. गणपतीसकट, न कापता. मामा आला की म्हणतो, "तोंड कुठं हाय गो हिचं?"

मी सांगते, मी पुसलं. कोणी सांगितल्यावर पुसलं, तेही सांगते. हा फोटो खाली येणार नाही. आणि यापुढे कॅमेऱ्यानं विचारलं, नक्की पुसायचा का, तर माझं बोट 'नाही'वर जाईल. समोर कोणीही शेठ उभा असो.