ए, बी आणि ताई

आमच्या वर्ध्याकडे ‘बी’ म्हणजे ‘सुद्धा’. मी बी, तू बी, तो बी. या एवढ्याशा शब्दाने माझ्या मोठ्या बहिणीची नोकरी गेली, आणि ते आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ताई वर्ध्यात एका सहकारी संस्थेच्या ऑफिसात टायपिस्ट होती, वर्षानुवर्षं टेंपररी. मी तिथेच आवक-जावक सांभाळायचे. हिंगणीहून आम्ही दोघी एकाच एसटीने यायचो. मग ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो शिकवायला पुण्याचे एक साहेब आले. ज्याला हे यंत्र जमेल त्याला कायम करायचं, असं ठरलं. ताईने जिवाचं रान केलं. जेवणाच्या सुट्टीतही ती चपला बाहेर काढून त्या खोलीत बसलेली असायची.

यंत्राला फ्लॉपी घालायच्या दोन खाचा होत्या, वरची ए आणि खालची बी. आत बसवलेली हार्ड डिस्क म्हणजे सी. ताईने एकदा विचारलं, “साहेब, ह्याले नावं काऊन नाई? नुसती अक्षरंच काऊन?” साहेब म्हणाले, जुन्या मोठ्या यंत्रांपासूनची रीत आहे, टाइप करायला एक अक्षर सोपं. आधी फ्लॉपीच होत्या, म्हणून ए आणि बी त्यांना गेले. हार्ड डिस्क मागून आली, तिच्या वाट्याला सी. ताईला हे फारच आवडलं. संध्याकाळी एसटीत म्हणाली, “बरं हाय. आडनाव इचारत नाई कोनी. जो आधी आला त्याले आधीचं अक्षर.” आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आम्हा दोघींना पुरतं ठाऊक होतं.

साहेब शिकवायचे बरं, पण माणसांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. चपराशाला ए, चहावाल्याला ए, आणि ताईलाही ए.

सभासदांची सगळी माहिती ताईने महिनोन्‌महिने खपून एका फ्लॉपीवर टाइप केली होती. त्या दिवशी ती फ्लॉपी ए मध्ये होती. तिची नक्कल करायची म्हणून कोरी फ्लॉपी बी मध्ये घातली होती. कोरी फ्लॉपी आधी फॉरमॅट करावी लागे. फॉरमॅट म्हणजे फ्लॉपी तयार करणं, एवढंच साहेबांनी सांगितलं होतं. त्यात असलेलं सगळं पुसून जातं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. बी मधली फ्लॉपी ताईने न सांगताच फॉरमॅट करून ठेवली होती, आणि साहेबांना त्याचा पत्ता नव्हता. पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, “ए, बी फॉरमॅट कर.”

ताईच्या कानांनी ऐकलं ते असं, की आता ए सुद्धा कर. तरी तिने खात्री करून घेतली. “ए बी?”

“हो, बी!” साहेब खेकसले.

यंत्राने विचारलं, ताईने एंटर दाबलं. महिन्यांचं काम पुसलं गेलं.

मी साहेबांना सांगायला गेले, की आमच्याकडे बी म्हणजे पण, तिने तुम्हालाच विचारून केलं. ते म्हणाले, “मग आधी नीट मराठी बोलायला शिका.” ताई शेजारीच उभी होती. कायमची जागा दुसऱ्याला मिळाली, आणि ताईची टेंपररी ऑर्डरही पुढे निघाली नाही. मी एकटीच एसटीने जाऊ लागले.

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रडली नाही, पण तिच्या तोंडातून ‘बी’ गेला. घरात, विहिरीवर, शेजारणीशी बोलताना ती ‘मी पण’, ‘तू पण’ म्हणायची. तांदळातले खडे वेचावेत तसे शब्द वेचून बोलायची. आईला ते ऐकवत नसे.

पुढच्या वर्षी घरचे सगळे गिरडच्या दर्ग्याला निघाले. भावाने अंगणातून विचारलं, “कोन कोन येऊन राह्यलं?” त्याची पोरं ओरडली, “मी बी! मी बी!” ताई पिशवी घेऊन दारात आली आणि म्हणाली, “मी पण.”

पोरं खिदळली. “आत्या पुन्याची झाली!”

ताईही हसली. मग तिने पिशवी खाली ठेवली. “डोकं दुखतंय माझं. तुम्ही जाऊन या,” म्हणाली. आईने परोपरीने सांगून पाहिलं, पण ती आली नाही.

टेकडीवर दर्ग्यात सगळे काही ना काही मागत होते. मला मात्र काही मागणं सुचेना, नुसतं रडू येत होतं. माझी बहीण स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी जपून बोलत होती.